अरुंधती दिसेना

मुलुंडला दिव्यांचा उजेड इतका, की देवदत्त नेन्यांच्या गच्चीवरच्या मोगऱ्याला दिवस मावळल्याचा पत्ता दोन-दोन तास लागत नसे. अशा उजेडात वैशाखातल्या एका संध्याकाळी देवदत्तांना अरुंधती दिसली नाही.

सप्तर्षी ठाण्याच्या अंगाला कसेबसे उभे होते. शेपटीतला मधला तारा, वसिष्ठ, सापडला. पण त्याला बिलगलेली ती फिकट पांढरी ठिणगी काही केल्या सापडेना. आणि ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, असं त्यांची आत्या छातीठोक सांगायची.

देवदत्त लगेच मरायच्या तयारीला लागले. स्वेटर शेजारच्या श्यामसुंदरला देऊन टाकला. थंडी आता त्यांच्या वाट्याला नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशनही रद्द केलं. "सहा महिन्यांसाठी नवं भिंग कशाला?"

चौथ्या संध्याकाळी जयंतीबाई गुडघे सांभाळत गच्चीवर आल्या.

"अहो, तुमच्या आत्याच्या हिशेबाने मी चोपन्न वर्षांपूर्वीच जायला हवी होते."

"म्हणजे?"

"लग्नात तुम्ही बोट दाखवलंत, मला काऽही दिसलं नाही. शालू टोचत होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हटलं, दिसली! संपवा एकदाचं."

"चोपन्न वर्षं थाप?" देवदत्त कडाडले. मग जरा खाकरले. "तसं बघायला गेलं तर, अगं... फोटोसाठी मावशीने माझा चष्मा काढून घेतला होता. भटजी म्हणाले बोट वर करा, मी केलं."

"मग मला दाखवलंत तरी काय?"

"समोरच्यांची पाण्याची टाकी असावी."

जयंतीबाई अशा हसल्या, की खालच्या मजल्यावरच्या सपनाच्या तव्यावरची पोळी आपोआप उलटली म्हणतात.

हसू ओसरल्यावर त्यांनी उत्तरेकडे मान वर केली. त्यांचे दोन्ही डोळे गेल्याच वर्षी करून झाले होते.

"दिसत्येय की! वसिष्ठाला अगदी खेटून. एवढुशी, पांढरी."

"खरंच? की पुन्हा शालू टोचतोय?"

"स्वतःच बघा ना मग!"

देवदत्तांनी डोळे चोळले. वर नुसतं धुकं. मग बायकोच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथेही काही कळेना. चोपन्न वर्षांत कधी कळलं होतं?

खाली येऊन त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, ऑपरेशन करून टाकू. पण आभाळात ढग यायच्या आत हं. बायको खरं बोलते का, ते बघायचंय."