हे आजी-आजोबा कोणाचे?

पालक समितीत नाव द्यायची दुर्बुद्धी मला कशी झाली, ते मलाच अजून कळलेलं नाही. आमची शाळा केवढीशी! खाली तीन खोल्या, वर दोन, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणात कडुनिंब. पण कार्यक्रमांची हौस अशी की एक महिना कोरडा जाईल तर शपथ. तान्हा पोळा झाला की भुलाबाई, भुलाबाई झाली की आनंद मेळावा, मग क्रीडा दिन, मग हळदीकुंकू. प्रत्येक निरोपाखाली मुख्याध्यापिका सुमती मॅडमची ठरलेली ओळ असते, 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' तो निरोप व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. माझा प्रज्वल दुसरीत आहे. नवरा रायपूरला साइटवर, सासू-सासरे उमरेडला, आणि सासूबाईंचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत. त्यामुळे आमचं सहकुटुंब म्हणजे मी एकटी.

ते दोघं मला पहिल्यांदा दिसले तान्ह्या पोळ्याला. मुलं आपापले लाकडी बैल घेऊन तोरणाखाली ओळीनं उभी होती. धोतर-सदऱ्यातले एक आजोबा प्रत्येक बैलाजवळ थांबत होते आणि त्याच्या लाकडी पाठीवरून हात फिरवत होते. त्यांच्या मागून नऊवारीतल्या आजी मुलांच्या हातावर बोजारा म्हणून, म्हणजे बैलाच्या मानाचा खाऊ म्हणून, तिळाचा एकेक लाडू ठेवत होत्या. मला वाटलं, सरिताकडचे असतील. सरिता म्हणजे समितीतली माझी जोडीदारीण, तिचं सासर मोठं आहे.

आनंद मेळाव्याला मात्र आजी सरळ माझ्याच स्टॉलमागे येऊन बसल्या. मी पुडाच्या वड्या तळत होते, म्हणजे जाळत होते म्हणा ना.

"तेल तापू दे वं," त्या म्हणाल्या. "घाई काहून करून राहिली?"

त्यांनी झारा माझ्या हातातून काढून घेतला, तो परत दिलाच नाही. आजोबांनी पिशवीतून हिरवे वालाचे दाणे काढले, ते कोणाला द्यायचे ते न कळून शेवटी माझ्याच पदरात टाकले. वड्या दुपारच्या आत संपल्या. मी खुशीत सरिताला म्हटलं, "तुझ्या सासूबाईंच्या हाताले काय चव हाय वं!"

सरिता माझ्याकडे बघतच राहिली. "माह्या? माही सासू कधी शाळेत आली? ते तं तुझे सासू-सासरे हायेत ना?"

"माझे?"

"सगळ्यायले तसंच वाटते."

सगळ्यांना तसं वाटतं आणि मलाच माहीत नाही! मला हसावं की चिडावं कळेना, म्हणून मी चिडले. फाटकावरच्या धोंडबाला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरचे म्हनून तं मी सोडतो. नाई तं सोडलं असतं काय?" पहिलीच्या बाईंना विचारलं, त्यांना ते चौथीतल्या कोणाचे तरी वाटत होते. चौथीच्या बाईंना पहिलीतल्या. घरी प्रज्वलला विचारलं.

"ते आजी-आजोबा हायेत," तो म्हणाला.

"अरे, पण कोणाचे?"

"ते मले काय माहीत? मी नाही इचारलं."

त्यांनाच का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. कसं विचारणार? ज्या बाईनं आपल्या वड्या तळून दिल्या, तिला 'तुम्ही कोण' म्हणायचं? आणि खरोखरच कोणाचे निघाले तर त्या घरचा जन्मभराचा राग. मी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'चहा घेता का' एवढंच बाहेर पडलं.

क्रीडा दिनाला आजोबांनी लिंबू-चमच्याची शर्यत जिंकली. बाकीचे आजोबा धावत होते, हे शेताच्या धुऱ्यावरून चालावं तसे निवांत चालले, आणि लिंबू पडलं नाही ते फक्त यांचं. सुमती मॅडमनी स्टीलचा डबा बक्षीस दिला आणि माइकवर जाहीर केलं, "प्रज्वलचे आजोबा, रुपरावजी!" टाळ्या वाजल्या. प्रज्वलनंही वाजवल्या. मी कडुनिंबाखाली उभी राहून विचार करत होते, की माझ्याच घरात काय चाललंय ते माझ्याशिवाय सगळ्यांना कसं कळतं.

कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"प्रणाली, ही लहान मुलांची शाळा आहे. माणसं चांगलीच असतील, पण कोण आहेत हे कोणालाच माहीत नसावं? आताच्या आता विचारा. मूल आपल्या शाळेत नसेल, तर पुढच्या वेळेपासून फाटकातून आत घ्यायचं नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. मी गेले. दोघं अंगणात गोळा झालेले पेले एकात एक घालत होते.

"काकाजी, तुमचं नातवंड कोणत्या वर्गात हाय?"

रुपरावजी हसले. "नातवंड कुठून येईन बाई? आमाले लेकरूच नाई झालं."

"मंग... इथं कसे?"

"तुमीच बलावता ना!" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझाच निरोप होता. वर माझाच फोटो, खांद्यावर प्रज्वल.

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मोकळेपणानं. पारशिवनीजवळच्या खेड्यात त्यांची शेती. आजींचे, म्हणजे गोपिकाबाईंचे, उपचार धंतोलीतल्या एका दवाखान्यात. दर पंधरवड्याला जाणं-येणं झेपेना, म्हणून शेत भावाकडे सोपवून इथं मागच्या गल्लीत खोली घेतली. पुतण्यानं मोबाइलमध्ये नवीन सीम टाकून दिलं.

"सीम टाकलं अन् हप्त्याभरात तुमचं बोलावनं आलं," ते म्हणाले. "मी हिले म्हनलं, पाह्य, नागपूरचे लोक किती भले हायेत. ओयख ना पायख, अन् सहकुटुंब बलावून राहिले. नाई गेलो तं त्याईले काय वाटन?"

कोणीतरी पालक शाळा सोडून गेला होता, त्याचा बंद पडलेला नंबर कंपनीनं यांना दिला होता, आणि ग्रुपमधून तो काढायचा राहिला होता. मी एवढंच सांगायला हवं होतं. सांगितलंही. "काकाजी, ते निरोप तुमच्यासाठी नव्हते. ज्याचा नंबर आधी होता, त्याच्यासाठी होते."

रुपरावजींनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे आमाले बलावलंच नोतं?"



गोपिकाबाईंच्या हातातले पेले तसेच राहिले. "अवं माय," त्या हळूच म्हणाल्या. "अन् आमी जेवून बी गेलो."

त्यांनी पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला, पदरानं पुसला आणि टेबलावर ठेवला. "हा ज्याचा हाय त्याले द्या." आणि दोघं निघून गेली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मॅडमसमोर उभी राहून मी ग्रुपमधून तो नंबर काढला.

हळदीकुंकू आलं आणि मी पुरती वेडी व्हायची बाकी राहिले. ज्या बाईच्या कपाळाला कुंकू लावावं, ती विचारायची, "सासूबाई नाही आल्या?" मी म्हणायची, त्या माझ्या सासूबाई नाहीत. "बरं, पण आल्या का नाहीत?" पुन्हा तेच! प्रज्वल माझ्याशी धड बोलेना. मला राग येत होता, पण तो कोणावर काढायचा ते समजत नव्हतं. मॅडमवर काढावा तर त्या बरोबर. पुतण्यानं तर सीमच टाकलं होतं. माणसं बोलावूनही येत नाहीत म्हणून आम्ही रडतो, ही बोलावल्यावर आली होती. आणि मला त्या दोघांची आठवण येत होती, हे तर मी कोणाला सांगूच शकत नव्हते. ती माझी कोण होती?

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मी तो डबा घेतला, हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि मागच्या गल्लीत गेले. गोपिकाबाई वाळल्या होत्या. मी त्यांना कुंकू लावलं, दोघांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, "उद्या शाळेत कार्यक्रम हाय. दोघंही या."

गोपिकाबाईंनी अक्षतांकडे पाहिलं. "नीट पाह्य बरं बाई. नंबर चुकला नाई ना?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि जवळजवळ पळतच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात नवीन वही ठेवली होती. मुलाचं नाव आणि त्याच्याशी नातं लिहिल्याशिवाय आत जायचं नाही, असा मॅडमचा हुकूम. मी पडद्याच्या दोऱ्या ओढत होते तेवढ्यात धोंडबा आला.

"मॅडम, तुमचे सासू-सासरे बाहेर उभे हायेत. मी म्हनलं चाला, तं येत नाई. म्हन्ते, कोनाचे म्हनून लिहू, ते इचारून ये."

मी दोऱ्या सोडून धावले. पडदा अर्ध्यावर लोंबत राहिला. फाटकाजवळ सुमती मॅडमही आल्या होत्या, हाताची घडी घालून. रुपरावजी इस्त्रीच्या सदऱ्यात, गोपिकाबाईंच्या हातात तोच डबा, आता भरलेला. मी पेन घेतलं आणि 'प्रज्वल' असं लिहून पुढं 'आजी-आजोबा' लिहायला गेले.

"नोको बाई," रुपरावजींनी वहीवर हात ठेवला. "खोटं नोको लिहू. लेकराच्या शाळेची वही हाय."

मागे पालकांची रांग लागली होती. नात्याचा रकाना रिकामा होता आणि माझ्या डोक्यातही काही नव्हतं. सासू-सासरे नाहीत, आजी-आजोबा नाहीत, शेजारी म्हणावं तर तेही नीटसं नाहीत. मॅडम बघत होत्या. मी रुपरावजींचा हात बाजूला केला, जे खरं होतं ते लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली.

मॅडमनी वाकून वाचलं. मग वही मागच्या माणसाकडे सरकवली.

"काय लिहिलं गा तिनं?" गोपिकाबाईंनी विचारलं.

रुपरावजींनी चष्मा लावला आणि उलटी वही वाकून वाकून वाचली. "'प्रणालीनं बोलावलं आहे.'"

"असं लिहिलं?" गोपिकाबाईंनी डबा पदराखाली सावरला. "मंग चाला ना लवकर. नाई गेलो तं पोरीले काय वाटन?"