हवालदाराचे श्वास

हवालदार म्हणजे मास्तरांचा तेरा वर्षांचा कुत्रा. त्याच्या हृदयाची एक झडप गळू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक ठोक्याला जोर देणारी आणि दुसरी अंगातलं पाणी उतरवणारी. शिवाय मास्तरांच्या मागे एक काम लावलं: तो गाढ झोपला की मिनिटभर श्वास मोजायचे. तीसच्या वर गेले, तर छातीत पाणी भरतंय असं समजून ताबडतोब फोन करायचा.

मास्तरांनी उभा जन्म शाळेत कवायत शिकवली होती. मोजण्यात त्यांचा हात कोण धरणार? पहिल्या दुपारी आकडा आला चव्वेचाळीस. दुसऱ्या दुपारी शेहेचाळीस. मास्तर हादरले, पण फोन काही केला नाही. शेजाऱ्यांचा कुत्रा असाच दवाखान्यात गेला होता आणि माणसं रिकामा पट्टा घेऊन परतली होती. बायकोला त्यांनी अठ्ठावीस सांगितलं. खोटं बोलताना आपले कान लाल होतात हे चाळीस वर्षांच्या संसारात तिला कळलं नसेल, असं समजणारा हा भला माणूस.

तिसऱ्या दुपारी पुन्हा चव्वेचाळीस. मास्तर गुपचूप पाणी उतरवणारी जादा गोळी काढायला गेले आणि बायकोने त्यांना रंगेहाथ पकडलं. तिने गोळी काढून घेतली, फोन लावला आणि त्यांच्या हातात कोंबला. मास्तरांनी कसाबसा आकडा सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं विचारलं, जेवणाचं विचारलं. सगळं ठीक होतं. त्या कोड्यात पडल्या. मग त्यांनी हवालदार झोपलाच असेल तर मोठ्याने मोजायला सांगितलं.

मास्तर फरशीवर बसले. पोट वर गेलं, "एक." खाली आलं, "दोन." वर, "तीन." खाली, "चार."

डॉक्टरीणबाई त्यांच्याच शाळेतल्या. सहा वर्षं त्यांच्याच शिट्टीवर हातपाय हलवलेल्या.

"सर, हात वर एक, हात खाली दोन, ही कवायत झाली. श्वास वर-खाली मिळून एकच धरायचा. हवालदार बावीसवर आहे. औषध लागू पडलंय त्याला. जादा गोळी मात्र देऊ नका, मूत्रपिंडांना झेपणार नाही."

फोन ठेवला आणि मास्तरांना रडू आवरेना.

"बावीस," ते म्हणाले. "अगं, बावीस."

"ऐकलं मी," बायको डोळे पुसत म्हणाली. "माझ्याशी खोटं बोलल्याचं नंतर बघते. आता विश्राम."

मास्तर तिथेच, फरशीवर, हवालदाराशेजारी आडवे झाले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच काहीही न मोजता झोपी गेले.