पहिल्या खड्ड्यातला शिपाई

वायऱ्याने मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. मध्येच फोन उपडा ठेवून तो उगाच पाणी पिऊन आला. न लिहिताच भागलं तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. शेवटी नजर दुसरीकडे वळवून त्याने पाठवून टाकलं. ‘लंब्या, काकांच्या गेममध्ये मीच माती खाल्लीय. त्यांचे हात ठीक आहेत, माझा डबा मंद आहे. चांगला घेऊन निघालोय.’

वायऱ्या हे नाव मित्रांनी ठेवलेलं. जुने गेम नव्या मॉनिटरला जोडून द्यायचा नाद त्याला लागला तेव्हाचं. कुठे शिकायला गेला नाही, बघत बघत आणि जाळत जाळत शिकला. लंब्याचे वडील, म्हणजे काका, यांचा तरुणपणातला गेम त्यानेच जोडला होता. घरातला फुगीर काचेचा टीव्ही गेला तेव्हा लंब्याने ऑफिसातला एक जुना मॉनिटर आणला आणि वायऱ्याने मध्ये एक छोटा डबा बसवला. एकीकडून गेमच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी आत, दुसरीकडून मॉनिटरची वायर बाहेर. आधी चित्र काळं-पांढरं आलं, मग गेममधले सगळे आडवे फुगलेले दिसायला लागले. तेही त्याने निस्तरलं. चित्र इतकं लख्ख आलं की त्याची कॉलर ताठ झाली.

चुकलं ते तपासताना. त्याने पत्त्यांचा गेम लावून बघितला. पत्ता जरा उशिरा उलटला तर कुणाला कळतंय? काका मात्र उड्यांचा गेम खेळायचे. छोटा शिपाई, पुढे खड्डे. पूर्वी ते मान वळवून गप्पा मारत मारत त्याला शेवटच्या किल्ल्यापर्यंत न्यायचे. आता त्यांचा शिपाई पहिल्याच खड्ड्यात जायचा. डबा चित्र उशिरा दाखवायचा. खड्ड्याची कड दिसून काका बटण दाबेपर्यंत शिपाई आत गेलेला असायचा.

दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तसलाच डबा शिव्या घालत परत आणून दिला, तेव्हा वायऱ्याला डब्याची खोट कळली आणि त्याने त्याच दिवशी काकांसाठी चांगला डबा मिळवला. कारण काका शाळेची बस चालवायचे, आणि ते ती सोडतायत हे त्याच्या आईने नुकतंच जेवताना सांगितलं होतं. हात मंदावले, लोकांची पोरं घेऊन कशाला फिरू, असं म्हणाले म्हणे. उद्या शाळेत बसची किल्ली देणार होते.

दार काकांनीच उघडलं.

“या इंजिनिअर साहेब,” ते म्हणाले. वायऱ्या बारावीच्या पुढे गेलेला नव्हता. “मॉनिटर तुझा झकास. ड्रायव्हर भंगार.”

मग त्यांनी त्याला बसवलं आणि आपणहून खेळून दाखवलं. वायऱ्या पडणाऱ्या शिपायाकडे बघतच नव्हता. तो पडद्यावरची खड्ड्याची कड आणि त्यांचा अंगठा बघत होता. कड दिसली की अंगठा लगेच बटणावर पडत होता. दर वेळी.

“दिसतो रे मला खड्डा,” काका म्हणाले. “अंगठ्याला सांगतोही. पण तो आता माझं ऐकत नाही. घरातलं आणखी एक माणूस.”

स्वतःच्या विनोदावर ते थोडं हसले आणि चहा ओतायला उठले. किटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली. एका हाताने मूठ, दुसऱ्याने त्या पहिल्या हाताचं मनगट. धार सरळ पडत होती, थेंब इकडचा तिकडे नाही. तरी कपही त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला, लहान पोराला सांभाळून न्यायला सांगितल्यासारखा.

“तूच सांग, तुझं सगळं काम हातांचं, तुला कळतं,” ते म्हणाले. “मंदावलेत ना?”

वायऱ्याने पिशवीत हात घातला. नवा डबा बोटांना लागला. तेवढ्यात लंब्या धापा टाकत आत आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. गाडी सुरू होत नाहीये, जरा खाली ये, म्हणाला आणि वायऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन गेला.

गाडीला काही झालं नव्हतं.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” लंब्या म्हणाला. “मीही खेळून बघितलं ना.”

वायऱ्याला आधी रागच आला. इतके दिवस तो माणूस स्वतःच्या हातांना घाबरतोय आणि पोटचा पोरगा गप्प? पण लंब्या एकेक सांगत गेला. बसमधल्या मदतनीस बाई घरी येऊन रडल्या होत्या. एक पोरगी उतरत होती, एक पाय पायरीवर, आणि काकांनी बस पुढे काढली. आरशात दिसलीच नाही. बाई ओरडल्या म्हणून वाचली. काका म्हणाले, बाईंनीच घाई केली. डोळे तपासायचं नाव काढलं की ताट सरकवून उठायचे. आई भांडून थकली, लंब्या पाया पडून थकला.

“कुणाचं ऐकलं नाही त्यांनी. तुझ्या डब्याचं ऐकलं.”

“अरे पण ते खोटं आहे.”

“पायरीवरची पोरगी खरी होती.”

लंब्याने काढून गाडीवर ठेवलेल्या हेल्मेटचा पट्टा वायऱ्या उगाच घालत-काढत राहिला. कप कसा धरतात बघितलंस का, असं त्याने विचारलं. लंब्याने मान हलवली. रोज बघतो, म्हणाला. परवा शर्टाची बटणं आईकडून लावून घेतली. एवढं बोलून तो खाली बसला आणि बंद न पडलेल्या गाडीचा प्लग चाचपायला लागला.

किल्ली दिल्यावर सांगू, वायऱ्याने सुचवलं. लंब्या वर न बघताच म्हणाला, सांगितलं की दुसऱ्या दिवशी किल्ली परत मागायला जातील.

वरच्या खिडकीतून काकांनी हाक मारली. चहा गार होतोय, म्हणाले, आणि पिशवीत माझ्यासाठी काही आणलंय का रे?

लंब्या उठून उभा राहिला. डोळे वायऱ्याच्या खांद्यावरच्या पिशवीवर.

“दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे, काका,” वायऱ्याने वर बघून सांगितलं. मग लंब्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, “वर गेलो की ते परत विचारतील. हो म्हणेन, मंदावलेत. आज, उद्या, कधीही विचारू देत. वचन तुला.”