खिरापतीची डबी आणि एकवीस गोळ्या

शपथ घेते, मोठ्यानं घेते! गोल बाजारातल्या ज्या कारागिरानं मले ठोकून घडवलं त्याच्या हातोडीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी एक जुनी पितळेची डबी आहे. डबी म्हणतात, पण मित्रांनो, माझ्यात अख्खी भाकर मावते. मले ठोकलं तेव्हा असा दणका उठला, की तलावावरचे बगळे उडून थेट दूरच्या महासमुंद गावाले जाऊन बसले.

माझं काम खिरापतीचं. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोट्ट्या घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत. गाणी झाली की इंदूआजी मले झाकण लावून खडखडवे, अन् आत काय आहे ते पोट्ट्यांनी आवाजावरून ओळखायचं. ओळखल्याबिगर खायले नाही! मग प्लास्टिकचे डबे आले. मी फळीवर गेले, काळी पडले. मले खाली काढलं आजीच्या नातीनं, ऋतानं. सहा वर्षांची होती. चिंच लावून लावून तिनं मले असं घासलं, की माझ्यात तिच्या पडलेल्या दातांच्या फटी दिसत. अन् तिचे कान? चिवडा वाजवला तं आत शेंगदाणे किती, ते सांगे.

दहाव्या वर्षी ऋताच्या मांडीच्या हाडात कॅन्सर निघाला. दोन वर्षं दवाखाना चालला. मग डॉक्टर म्हणाले, बिमारी आता जाणार नाही, पण दुखणं कमी करता येते, अन् तेही घरीच. तेव्हापासून नीलिमा सिस्टर स्कूटीवर घरी येऊ लागली. तिनं मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार घंट्यांनी, घड्याळ पाहून, दुखो न दुखो. ऋताचं एकच म्हणणं होतं, "दीदी, यंदाची कोजागिरी आमच्या घरी. मले बसून गाणी म्हणायची आहेत. झोपून नाही."

ऋताची आई शाळेत शिकवायले जाई, म्हणून दिवसाच्या गोळ्या आजीच्या हाती. कोजागिरीले आठ दिवस उरले, तरी पोट्टी दिवसभर ओठ चावून पडलेली. नीलिमा चक्रावली.

"गोळ्या तं बरोबर संपून राहिल्या, आजी. मग दुखते काहून?"

"मले काय मालूम बाई!" आजी म्हणाली, अन् फळीकडे पाहणं टाळलं.

मले मालूम होतं. आजी गोळ्या माझ्यातच लपवून राहिली होती! पोट्टी किंचाळली तं एखादी देई, बाकी माझ्या पोटात.

मग मी काय केलं? फळीवरून उडी मारली! घरंगळत गेले ते थेट नीलिमाच्या पायाशी. खडखड, खडखड. ऋतानं डोळे न उघडताच सांगितलं, "हे खिरापत नाही व आजी. या तं गोळ्या वाजून राहिल्या."

नीलिमानं झाकण उघडलं. एकवीस गोळ्या.

आजी भिंतीले टेकली. "माझ्या भावाले, गंगाधरले, शेवटी हेच दिलं होतं. दोन दिवसांत गेला. मले वाटे, गोळी दिली म्हणजे मीच पोट्टीले निरोप दिला."

नीलिमा रागावली नाही. आजीजवळ खालीच बसली. "त्यांना बिमारीनं नेलं, आजी. गोळीनं नाही. गोळी फक्त दुखणं उचलते."

"मी बरी होत नाही, मालूम आहे मले," ऋता म्हणाली. "पण आतापासूनच काहून झोपवून ठेवून राहिली, आजी? कोजागिरी व्हायची आहे माझी!"

मग आजीनं पदरानं नाक पुसलं.

"किती वाजले?"

नीलिमानं डॉक्टरांना फोन लावून नीट विचारून घेतलं, अन् चारची गोळी आजीनं आपल्या हातानं दिली. त्यानंतर गजर वाजायच्या आधीच आजी पाण्याचा गिलास घेऊन तयार. ऋताचा बाप पुष्कर दुकानातल्या हिंदीतच म्हणे, "माँ, जरा बैठ भी जाओ." आजी म्हणे, "तू तुझं पंडरी बाजारातलं दुकान पाह!"

कोजागिरीच्या संध्याकाळी ऋता तीन उशांना टेकून बसली. पुरा एक घंटा. गाणी म्हणाली, अन् मग मले वाजवलं. आवाजच नाही! "लाडू?" "पेढा?" "हवा भरली का व?" पोट्ट्या हरल्या, अन् ऋता हसली ती उशी घसरेपर्यंत. आत गुळाची तळलेली खुरमी होती, नीलिमाच्या बॅगेतल्या कापसात गुंडाळलेली.

माघात ऋता गेली. घरीच, आजीच्या मांडीवर, न कण्हता.

पंधरा दिवस आजीनं मले हात लावला नाही. सोळाव्या दिवशी मले पिशवीत घातलं अन् नीलिमाच्या स्कूटीवर मागं जाऊन बसली. "चाल," म्हणाली. आता ज्या घरी लेकराले गोळी द्यायले कोणी भिते, तिथं आम्ही जातो. आजी मले पुढ्यात ठेवते. "यात मी लपवल्या होत्या," म्हणते. "तुम्ही लपवू नका." मग त्या लेकरासाठी मले वाजवते. ओळख पाहू!

मित्रांनो, मले घासा, नका घासू. पण कोणाचं दुखणं फळीवर टाकू नका. अन् तुमचं दुखत असेल तं मोठ्यानं सांगा.

अन् हो, एक गोष्ट मी रचली. बगळ्यांची नाही, ते खरंच गेले महासमुंदले! उडीची. डब्यांना कुठं पाय असतात? त्या दिवशी ऋताच्या ओठातून रक्त आलं, ते आजीनं पाहिलं. तिनं स्टूल ओढलं, दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढली, मले काढलं अन् स्वतः नेऊन नीलिमाच्या पायाशी ठेवलं. हात थरथरत होता तिचा. म्हणून मी वाजले.