माझी राख शेतात नको

मी एक जुनी, वाळून कडकडीत झालेली जलपर्णी आहे. मित्रांनो, लक्ष देऊन ऐका. माझ्याकडे वेळ थोडा आहे आणि मला फार भीती वाटते आहे.

माझा जन्म डहाणूजवळच्या एका तळ्यातला. तिथे 'हिनं तळं गिळलं' म्हणून मला शिव्याच मिळत. मग तिथे घाण पाणी झाडांकरवी स्वच्छ करून घेणाऱ्या संगीता मॅडम आल्या. तलासरीकडच्या एका पाड्याशेजारच्या ओहोळात जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याचं पाणी येत होतं. त्यात शिसं होतं. मॅडमनी मला तिथे नेऊन सोडलं. पाण्यातलं शिसं ओढायचं आणि मुळांत धरून ठेवायचं, हे माझं काम. दिवाळीपासून होळीपर्यंत मी ते इमानाने केलं.

पाड्यावरची ठकी काठावर उभी राहून म्हणायची, "बाय, पानी चोखा केलास गं!" जन्मात पहिल्यांदाच कोणी माझं कौतुक केलं होतं. मी हुरळून गेले.

होळीनंतर मॅडमनी आम्हा सगळ्या जलपर्णींना उपसून काठावर टाकलं. "गाडी येऊन घेऊन जाईल," म्हणाल्या. आमच्या मुळांत काय भरलं आहे, ते मात्र पाड्यावर सांगायचं राहून गेलं. गाडी आज येईल, उद्या येईल, असं करत आम्ही वाळलो.

इकडे ठकीला राब भाजायचा होता. शेण आणि पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची, पेटवायचं. त्या राखेत भाताची रोपं जोमाने येतात. पाला आणायला जंगल लांब. काठावर हा आयता ढीग!

"कोनाचा असंल तं?" तिचा नवरा लडक्या म्हणाला.

"व्हळाकाठचा पाला कोनाचा नसतो," म्हणत ठकीने भारा बांधला.

ठकी कामाची बाई. तिचा दोष नाही. पण तिच्या डोक्यावरून शेताकडे जाताना माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. जळायला मी घाबरत नाही. भीती आहे ती राखेची. आग पाला जाळते, शिसं जळत नाही. ते रोपांत जाईल, भातात जाईल, आणि पुढच्या वर्षी ठकीच्या लेकरांच्या ताटात येईल. ज्या विषापासून मी त्यांना वाचवलं, तेच मी त्यांच्या दारात आणून ठेवलं आहे.

मित्रांनो, घाण पुसणाऱ्याला कामानंतर कुठेही टाकून देऊ नका. त्याच्या पोटात काय गेलं, ते आधी विचारा.

मला शेतात पसरून वर माती टाकून झाली आहे, आणि पेटवायला हवा तसा वाराही पडला आहे. लडक्याने कंबरेची काडेपेटी काढून ठकीच्या हातात दिली. तिला ऐकू जाईल असं तोंड मला नाही. तुम्हाला आहे. तिला हाक मारा!