जावईबापूंचं बाळंतपण

पार्लर दोघी जावांचं होतं. म्हणजे दुकान चालवायची थोरली, धाकटी फक्त कात्री चालवायची. खुर्च्या, पडदे, भिंतीचा रंग, सगळं थोरलीच्या पसंतीचं. धाकटीचं म्हणावं असं तिथे एकच होतं: कोपऱ्यातल्या मोठ्या आरशाला टेकून ठेवलेला फिशटँक आणि त्यातली बोटाएवढ्या सिक्लिड माशांची जोडी. थोरलीचा त्या कोपऱ्यावर कधीचा डोळा होता. तिला तिथे केस धुवायची खुर्ची हवी होती. शेवटी तह झाला. खुर्ची येईपर्यंत पिल्लं झाली तर टँक राहील, नाहीतर मासे टँकवाल्याला परत.

जोडीत नवरा कोण नि बायको कोण, याचा निकाल थोरलीने पहिल्याच दिवशी लावला होता. एक मासा मोठा, देखणा, पाठीवरचा पर तुऱ्यासारखा उंच, शेपटीवर लाल ठिपके, आणि सकाळपासून आरशासमोर. पर फुलवायचा, अंग वळवायचा, पुन्हा पर फुलवायचा.

"ही बाई," थोरली म्हणाली. "आयुष्य गेलं माझं या धंद्यात. आरशासमोरून हलत नाही ती बाईच!"

तिचं नाव पडलं महाराणी. दुसरा लहानखुरा, मळकट रंगाचा, उपड्या घातलेल्या, कडेला टवका उडालेल्या मडक्याच्या आडोशाला अवघडून बसलेला. ते जावईबापू. धाकटी रोज महाराणीचं पोट निरखायची. पण महाराणीला आरशातून सवड मिळेल तर ना!

मग दुकानाला रंग द्यायचं निघालं आणि आरशांवर जुने कागद चिकटवले गेले. महाराणी बावरली, टँकभर सैरावैरा फिरली, आणि मग तिला जावईबापू दिसले. ती त्यांच्यापुढे पर फुलवून नाचायला लागली. धाकटी हरखून गेली. पण आठवडा व्हायच्या आत भलतंच झालं. जावईबापू हळदीसारखे पिवळेधमक झाले, अंगावर काळे पट्टे उठले, आणि महाराणी मडक्याजवळ आली की एवढासा तो जीव तिच्या अंगावर धावून जायला लागला. तिचा तुरा फाटला. बिचारी फिल्टरमागे लपून बसली.

थोरलीचा पारा चढला. "बायकोवर हात उचलणारा माझ्या दुकानात नको!" तिने स्वतः जाळी घातली, जावईबापूंना पाण्याच्या पिशवीत भरलं आणि पिशवी नवऱ्याच्या स्कूटरला अडकवली. "टँकवाल्याला परत द्या. म्हणावं, चांगल्या वळणाचा द्या."

धाकटी एका बाईच्या केसांना रंग लावत होती. ती "अहो ताई" म्हणेपर्यंत स्कूटर गेलीसुद्धा.

हात पुसून ती महाराणीची समजूत काढायला टँकपाशी गेली, तर महाराणी मडक्यात डोकं खुपसून काहीतरी टिपत होती. धाकटीने मोबाइलचा उजेड पाडला. मडक्याच्या छताला आतून लालसर दाणे चिकटलेले होते. अंडी! महाराणीने त्यातलं एक गट्ट केलं.

"अगं बये, स्वतःचीच खातेस?" धाकटी किंचाळली आणि तशीच थांबली. तिला आठवलं, जावईबापूंचं पोट चांगलं गोल होतं. परवापासून सपाट झालं होतं. आणि वेडी धाकटी रोज भलत्याचंच पोट बघत बसली होती!

"ताई, ती बाळंतीण होती हो! ही महाराणी बाप्या आहे! जाळी धरा मडक्यापुढे, याला आत जाऊ देऊ नका!"

थोरलीच्या हातात जाळी कोंबून ती धावली. अंगात रंगाने माखलेला एप्रन, पायात चप्पल एकच. नशीब, मोठे भाऊजी वाटेत चहाला थांबले होते. स्कूटर उन्हात, पिशवी स्कूटरला.

"भाऊजी, आधी पिशवी द्या! तिची बाळं घरी आहेत!"

चहा पिणारे सगळे भाऊजींकडे वळून बघायला लागले.

परत आल्यावर तिने पिशवी तशीच टँकच्या पाण्यात तरंगत ठेवली, आतलं तापलेलं पाणी टँकच्या पाण्याइतकं निवू दिलं, मग तोंड सोडलं. जावईबापू, म्हणजे आता पिवळी, तळाशी जाऊन पडली. हलेना. रंग उतरलेला. अर्धे केस रंगवलेली बाई उजेड धरून उभी, थोरली जाळी धरून.

मग पिवळीचे पर थरथरले. ती उठली, मडक्यात शिरली, छताखाली उलटी होऊन उरलेल्या अंड्यांना वारा घालायला लागली. पुढच्याच क्षणी बाहेर येऊन महाराणीच्या शेपटीवर तुटून पडली.

"हाण!" थोरली ओरडली. "अजून एक दे त्याला!" आणि दोघी जावा एकमेकींचे हात धरून नाचल्या.

खुर्ची आली त्या दिवशी पिवळीच्या मागे मडक्यातून पिल्लांचा घोळका बाहेर पडत होता. एवढेसे जीव, नुसते डोळे. खुर्ची आणणाऱ्याने कोपऱ्याकडे बोट केलं. थोरलीने ती दारामागे ठेवायला लावली, ये-जा करताना गुडघा आपटतो तिथे.

रंगाचं काम केव्हाच संपलं होतं. बाकीचे आरसे लखलखत होते, दुकानातला सगळ्यात मोठा आरसा तेवढा अजून झाकलेला. एका बाईने सहज कागदाला हात घातला, तशी थोरली कडाडली, "हात नका लावू! पिल्लं आहेत तिथे. आणि तो कोपरा माझ्या धाकट्या जावेचा आहे, तिला विचारा आधी."