साखळीतली पंधरावी

अल्बम हातात पडला आणि वर्गातल्या बावीसही जणांनी आधी स्वतःलाच शोधलं. मला फार शोधावं लागलं नाही. शाळेच्या दगडी पायऱ्यांवर एकवीस जण तीन रांगांत उभे होते आणि मी वर उजव्या कोपऱ्यात एका गोलात होते. फोटोच्या दिवशी जो गैरहजर असतो त्याला आमच्याकडे असं गोलात बसवतात. त्यासाठी ओळखपत्रावरचा जुना फोटो घेतात, म्हणून चेहराही तीन वर्षांपूर्वीचा, कपाळावर स्वतःच्या हातानं वाकडेतिकडे कापलेले केस.

"तेरुई, वरून आमच्यावर लक्ष ठेवतेयस होय?" मागच्या बाकावरचा मिसावा म्हणाला. "उदबत्ती लावू का?"

सगळे हसले, मीही हसले. शिहो तेवढी हसली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, जिवाभावाची मैत्रीण असावी तर अशी.

आमचं गाव बंदराचं. मार्च उजाडला तरी शाळेच्या पटांगणात कडेला बर्फाचे ढीग होते आणि वर्गात स्टोव्ह पेटलेला होता. शेवटच्या वर्षाचा प्रमाणपत्र-समारंभ नुकताच उरकला होता. प्रत्येकाच्या छातीवर कागदी फूल, मांडीवर प्रमाणपत्राची नळी. ओनोदेरा सर काळ्या सुटात होते आणि त्यांच्या अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. शेवटचा तास होता. सर म्हणाले, हजेरीच्या क्रमानं एकेकानं उठायचं आणि तीन वर्षांतली एक आठवण सांगायची. रडायचं असेल त्यानं लवकर रडून घ्यावं, एक वाजता शाळेला कुलूप लागतं.

कुणी स्टोव्हवर भाजताना जळलेल्या तांदळाच्या वड्यांची आठवण सांगितली. कुणी स्नेहसंमेलनात पडदा अंगावर पडला ती. मिसावाचा नंबर बराच मागे होता, पण तो प्रत्येकाच्या आठवणीत आपलं नाव घुसवत होता. चौदावी शिहो. शिहो त्सुशिमा. ती उठली, सगळ्यांचे आभार मानले, कुणा एकाचं नाव घेता येणार नाही म्हणाली आणि बसली. मला नवल वाटलं, कारण शिहोला बोलायला निमित्त लागतंच कुठे.

पंधरावी मी. मी मात्र मनात सगळं जुळवून आणलं होतं.

माझी आठवण ऑक्टोबरची होती. शहरातल्या नर्सिंग कॉलेजात आमच्या शाळेसाठी शिफारशीची एकच जागा असायची. ती मिळाली की प्रवेश परीक्षा नाही. मला ती हवी होती आणि शिहोलाही हवी होती. माझे गुण जरासे पुढे होते, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. अर्ज बुधवारपर्यंत द्यायचा होता. रविवारी संध्याकाळी अचानक बदल झाला. मुख्याध्यापक सोमवारी आठच्या बसनं आठवडाभरासाठी शहरात निघाले होते आणि अर्ज सोबत नेणार होते. तेव्हा ज्याला जागा हवी त्यानं सहीऐवजी घरच्यांचा शिक्का मारलेला अर्ज साडेसातला आणायचा, आणि दुपारी वादळ येणार म्हणून वर्गाचा फोटोही साडेसातलाच.

असे निरोप साखळीनं जायचे. साखळीचा कागद प्रत्येकाच्या घरी फोनजवळ चिकटवलेला असे. सरांनी पहिल्याला फोन करायचा, त्यानं दुसऱ्याला, असं हजेरीच्या क्रमानं शेवटपर्यंत, आणि शेवटच्यानं सरांना पोचल्याचं कळवायचं. मला निरोप द्यायचा शिहोनं, मी तोकोरोला. एखाद्याकडे उचललाच नाही तर त्याला वगळून पुढच्याला सांगायचं आणि वगळलेल्याला पुन्हा पुन्हा लावत राहायचं, हा नियम.

त्या सोमवारी मी रोजच्यासारखी सव्वाआठला शाळेत पोचले. फोटोवाला कॅमेऱ्याचं तिकाटणं आवरत होता. मुख्याध्यापकांची बस गेली होती. शिहो माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, सात वेळा लावला गं नागिसा, कुणी उचललाच नाही. मला ते पटलं, कारण त्या वेळी मी मागच्या छपरात वाळत घातलेली माकूळ मासळी काढत होते. घरात एकटी आई होती. आई शपथेवर सांगत राहिली की फोन वाजला नाही. मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या कानांमुळं माझं वाटोळं झालं, असंही बोलले. त्यानंतर आईनं फोनला लांब वायर लावून घेतली आणि तो ओट्याजवळ आणून ठेवला. मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. शिहोशी मात्र रोज बोलत होते.

परीक्षेची फी भरून दुसरीकडे बसण्याइतकी आमची ऐपत नव्हती. मला माशाच्या वड्यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि शिहोला ती जागा.

हे सगळं मी वर्गात सांगितलं नाही. मी इतकंच सांगितलं की ज्या दिवशी माझी जागा गेली, त्या दिवशी माझ्याहून जास्त शिहो रडली, आणि तीन वर्षांतली माझी कमाई म्हणजे ती. टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी रुमाल काढले. शिहो खाली बघत होती. मला वाटलं, भरून आलंय.

सोळावा तोकोरो. त्याचं वर्गात असणं नसणं सारखंच असायचं. बापाबरोबर होडीवर जायचा, शाळेत येऊन डुलक्या काढायचा, कुणाशी बोलायचा नाही. तो उठला आणि बराच वेळ बाकाची कड खरवडत राहिला.

"मला फोनची भीती वाटते," तो म्हणाला. "वाजला की घाम फुटतो. पण तेरुई निरोप दोनदा सांगते. मी काही विचारायच्या आधीच. म्हणून मी तीन वर्षं उचलत आलो. हीच माझी आठवण."

तो बसायला लागला आणि पुन्हा उभा राहिला.

"एकदाच तिचा आला नाही. फोटोच्या आदल्या दिवशी. त्सुशिमाचा आला. तेरुईची आई आजारी आहे, तिला मी सांगितलंय, आता तुलाही मीच सांगते, म्हणाली. म्हणून तेरुई फोटोला नव्हती ना. तेव्हापासून विचारीन म्हणतोय. तेरुई, आई बरी आहे ना आता?"

वर्गात कुणाला काही कळलं नाही. कळलं ते तिघांना. शिहोची मान इतकी खाली गेली होती की मला तिच्या मानेवरची लव दिसत होती. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं पेन थांबलं होतं. मुख्याध्यापकांचा निरोप आणणारे, साखळी सुरू करणारे आणि शेवटच्याकडून ती पोचल्याचं ऐकणारे तेच होते. मी वाट पाहिली. सर चष्मा पुसायला लागले.

"पुढचा," ते म्हणाले.

"बरी आहे," मी तोकोरोला म्हटलं. गोड बोलून केसानं गळा कापतात असं ऐकलं होतं. कापून झाल्यावर त्याच गळ्यानं आपण भर वर्गात तिचे गोडवे गातो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तास संपल्यावर सरांनी मला जिन्यापाशी गाठलं. हळू आवाजात म्हणाले की आता मागचं उकरून कुणाचंच भलं व्हायचं नाही, आजचा दिवस गोड होऊ दे. मी वाकून नमस्कार केला, तीन वर्षं करत आले तसा. अल्बमच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सगळे एकमेकांना चार ओळी लिहून देत होते. शिहो तिचा अल्बम छातीशी धरून बुटांच्या कपाटापाशी उभी होती. मी बूट घातले आणि निघाले.

घरी आईनं लाल चवळीचा भात केला होता, आमच्याकडे शुभ दिवशी करतात तो. तिनं हात धुऊन, पुसून अल्बम घेतला आणि त्या गोलावरून बोट फिरवलं.

"हे असं वेगळंच का गं काढलंय तुला?"

"आई, त्या रविवारी फोन वाजलाच नव्हता."

तिनं अल्बम मिटला, नीट गुंडाळून कपाटावर ठेवला. मग भात वाढायला घेतला.

"मी नोव्हेंबरात शहरात गेले होते बघ, मावशीकडे म्हणून," ती वाडग्याकडे बघत म्हणाली. "कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. तो म्हणाला, कान ठणठणीत आहेत. म्हटलं, मग डॉक्टरलाच काही कळत नसेल."

मला रडू आलं. वर्गात आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. मी म्हटलं, आई, माझं चुकलं. ती म्हणाली, जेव आधी, भात निवतोय.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. आईनं माझ्याकडे पाहिलं. ओट्याशी उभी असून तिनं हात पुढे केला नाही. मी उठून घेतला.

"तेरुईंचं घर ना? मी त्सुशिमा." शिहोचा आवाज कागद वाचल्यासारखा येत होता. "वर्गाचा निरोप आहे. उद्या सरांच्या आभाराचं जेवण आहे, ते बाराऐवजी अकराला. जागा तीच."

"उद्या, बाराऐवजी अकरा, जागा तीच," मी म्हटलं.

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. मागे तिच्याकडच्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"नागिसा, मला ना..."

"निरोप संपला का?"

"संपला," म्हणाली.

"मग ठेव. मला पुढे सांगायचंय."

तिनं ठेवला. कागदावर माझ्या नावाखाली तोकोरोचा नंबर होता. कागद पिवळा पडला होता आणि नंबर मला पाठ होता, तरी मी बोट ठेवून एकेक आकडा फिरवला. चौथ्या घंटीला त्यानं उचलला. काही बोलला नाही, पण तोच होता.

"तोकोरो, मी तेरुई. उद्याचं जेवण बाराऐवजी अकराला. जागा तीच."

"हं," तो म्हणाला. मग, "तेरुई, आज मी काही चुकीचं बोललो का? सगळे गप्प झाले."

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं नळ बंद केला होता.

"नाही," मी म्हटलं. "नीट ऐक. उद्याचं जेवण, बाराऐवजी अकराला. जागा तीच."